एकच जिना, दोन सिनेमे: प्रेमविनोदी आणि मारधाडीचं दृश्य रचण्याचा, चित्रित करण्याचा सराव

पनवेलच्या आसपासच्या रुळांवरून हिंदी सिनेमातल्या दोन गाड्या धावून गेल्या आहेत. पहिली १९७५ सालच्या ‘शोले’तली मालगाडी. तिच्यावरच्या दरोड्याचं चित्रीकरण सात आठवड्यांहून जास्त चाललं होतं. दुसरी १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटातली. ते स्टेशन म्हणजे रायगड जिल्ह्यातलं आपटा. एका गाडीमागे दरोडेखोरांचे घोडे धावतात, दुसरीमागे एक मुलगी. पहिल्या दृश्यात अंतर मिटलं तर घात, दुसऱ्यात मिटलं नाही तर घात. बाकी दिग्दर्शकाचं काम दोन्हीकडे तेच: धावणारा आणि गाडी यांच्यात आत्ता किती अंतर उरलंय, हे प्रेक्षकाला क्षणोक्षणी कळत राहिलं पाहिजे.

मी संकलक आहे. नवख्या मुलामुलींच्या लघुपटांचं फुटेज माझ्याकडे येतं, तेव्हा त्यातल्या प्रेमकथा आणि मारामाऱ्या एकाच ठिकाणी फसलेल्या दिसतात. कोण कुठे उभं आहे, कोणाला कोणापर्यंत पोचायचंय आणि मध्ये काय आड येतंय, हे पडद्यावर दिसत नाही. म्हणून मी त्यांना एक सराव देते. जागा एकच, वस्तू एकच, माणसं दोनच. त्याच गोष्टीचं एकदा प्रेमविनोदी दृश्य करायचं आणि एकदा मारधाडीचं. दोन शनिवार-रविवार, एक चांगला मोबाइल आणि पाच-सहा मित्र एवढ्यात होतं. दोन्ही प्रकारांचे संकेत पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा या सरावातून जास्त अंगात मुरतात, असा माझा अनुभव आहे.

गोष्ट ठरवा, पण आधी आडकाठी ठरवा

जागा अशी धरूया: तीन मजली जुनी इमारत, एकच जिना, वर गच्ची, खाली फाटक. ती गच्चीवरून उतरतेय, तो खालून चढतोय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धडक होते. दोघांच्या सॅक काळ्या, सारख्याच. अदलाबदल होते. ती फाटकाशी पोचते तेव्हा, आणि तो गच्चीवर पोचतो तेव्हा, प्रत्येकाला चूक कळते.

आता वहीत एकच वाक्य लिहा: या दोघांच्या मध्ये काय आहे?

प्रेमविनोदी दृश्यात माझं उत्तर असं. ती गच्चीवरची खोली सोडून चाललीय, तो तिथे राहायला येतोय. छताचा पंखा कोणाचा, यावरून दोघं आठवडाभर मेसेजवर भांडलेत, पण एकमेकांचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. खोलीची किल्ली तिच्या सॅकमध्ये, म्हणजे आता त्याच्या पाठीवर आहे. मध्ये आहे तो राग, आणि राग ज्याच्यावर आहे तो हाच, हे न कळणं.

मारधाडीच्या दृश्यात तिच्या सॅकमध्ये इमारतीतल्या रहिवाशांची मूळ कागदपत्रं आहेत. ती पाच वाजायच्या आत कचेरीत पोचली पाहिजेत. तो ती पळवायलाच आलाय आणि धडक त्याने मुद्दाम मारलीय. सॅक आता त्याच्याकडे आहे, फाटकाशी ती उभी आहे आणि खाली उतरायला वाट एकच. मध्ये आहेत तीन मजले आणि तो माणूस.

आडकाठी खरी असली पाहिजे. प्रेमविनोदी सिनेमात सर्वात जास्त चुकणारी गोष्ट हीच. एका वाक्यात सुटू शकणारा गैरसमज अर्धा तास ताणला की प्रेक्षक पात्रांवर चिडतो. ‘अगं, सांगून टाक ना!’ असं त्याच्या मनात आलं की दृश्य गेलंच. म्हणून बोलून न सुटणारी अडचण शोधा. इथे दोघं बोलू शकतात, पण बोलायला लागले की भांडणच वाढतं. ही अडचण चालते.

आडकाठी डोळ्यांना दिसली तर आणखी उत्तम. फ्रँक काप्राच्या १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये परिस्थितीने एकत्र आलेल्या दोघांना रात्र एकाच खोलीत काढावी लागते. नायक दोन खाटांच्या मधे दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. संपूर्ण सिनेमाची अडचण त्या एका घोंगडीत आली आहे. शेवटी ते दोघं पडद्यावर दिसतही नाहीत. खेळण्यातल्या पिपाणीचा आवाज येतो आणि घोंगडी खाली पडते. तुमच्या जिन्यात अशी घोंगडी कोणती, ते शोधा. कठडा, वाळत घातलेली चादर, अर्धं उघडं दार, काहीही चालेल.

रेकी: जिना पाठ करा

चित्रीकरणाआधी निदान एकदा, चित्रीकरण ज्या वेळी करणार त्याच वेळी, जागेवर जा. पायऱ्या मोजा. वळणं किती, खिडक्या कुठे, ऊन कोणत्या वेळी कोणत्या पायरीवर येतं, दुपारी शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या किती वाजता सुरू होतात, सगळं लिहून घ्या. मग कागदावर वरून पाहिल्यासारखा नकाशा काढा. प्रत्येक मजल्याला एक ठळक खूण द्या. पहिल्या मजल्यावर निळा पिंप, दुसऱ्यावर तुळशीची कुंडी, तिसऱ्यावर सायकल. इमारतीत या वस्तू नसतील तर आणून ठेवा.

या खुणांचं मोल मला १९८८ सालच्या ‘डाय हार्ड’ने शिकवलं. एका गगनचुंबी इमारतीत अडकलेल्या पोलिसाची ती गोष्ट. बांधकाम अपुरं असलेल्या मजल्यावरच्या भिंतीला एका मॉडेलचं चित्र चिकटवलेलं आहे. नायक तिथून पुन्हा जातो, तेव्हा एक शब्दही न बोलता आपल्याला कळतं की तो परत त्याच ठिकाणी आलाय. मारधाडीत प्रेक्षक हरवला की त्याची भीतीही हरवते. तुळशीची कुंडी दिसली की ‘दुसरा मजला’ हे त्याला आपोआप कळलं पाहिजे. आणि प्रेमविनोदी दृश्यात तीच कुंडी ‘इथेच धडकले होते’ याची आठवण होऊन बसते.

परवानगीचंही आत्ताच उरका. सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र द्या, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. दृश्यात खोटा चाकू किंवा पिस्तूल असेल आणि ते फाटकाबाहेरून दिसणार असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवल्याशिवाय कॅमेरा सुरूच करू नका. रस्त्यावरच्या माणसाला तो सिनेमा आहे हे कळायचं कारण नाही. माझ्या मते पहिल्या सरावात हत्यार नकोच. हातात सॅक आहे, तेवढी पुरे.

कोणाला काय माहीत आहे, याचा तक्ता

संवाद लिहिण्याआधी तीन रकाने आखा: तिला काय माहीत, त्याला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत.

प्रेमविनोदी सिनेमात प्रेक्षक बहुतेक वेळा पात्रांच्या एक पाऊल पुढे असतो. आपल्या गोष्टीत मेसेजवर भांडणारे ते दोघं हेच, हे आपल्याला कळलंय आणि त्यांना नाही, यात हसू आहे. १९५९ सालच्या ‘पिलो टॉक’मध्ये एकच टेलिफोन लाइन वाटून घेणारे दोघं पडद्याचे भाग करून एकाच वेळी दाखवले आहेत. आपापल्या न्हाणीघरात, टबमध्ये बसून बोलताना त्यांचे तळपाय पडद्याच्या मधल्या रेषेवर एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात. आपल्याला जवळीक दिसते, त्यांना तिचा पत्ता नाही. तुमच्या जिन्यात हेच करता येईल. ती फाटकाशी मेसेज टाईप करतेय, गच्चीवर त्याचा फोन वाजतो. आवाज तिच्याही कानावर येतो, पण ती वर बघत नाही.

मारधाडीत हा तक्ता थोडा वेगळा चालतो. वस्तू आणि धोके प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवायचे, पात्राला त्यांची आठवण ऐनवेळी होऊ द्यायची. ‘डाय हार्ड’चा नायक अनवाणी का? विमानातल्या सहप्रवाशाने प्रवासाचा शीण घालवायला बूट काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळायचा सल्ला दिला म्हणून. सुरुवातीचा तो साधा संवाद, आणि पुढे खलनायक माणसांना काचा फोडायला सांगतो तेव्हा आपलेच तळपाय आखडतात. म्हणून तुमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची एक पायरी ओली आहे, हे पहिल्याच मिनिटात एखाद्या काकूंच्या तोंडून येऊ द्या: ‘सांभाळून गं, आत्ताच फरशी पुसलीय.’ ते वाक्य शेवटी कामाला येतं.

दिशा: या लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी

बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. पडद्यावर धावण्याला दिशा असते, डावीकडून उजवीकडे किंवा उलट. पाठलागात दोघंही एकाच दिशेने धावले पाहिजेत. ती डावीकडून उजवीकडे पळत असेल आणि पुढच्या शॉटमध्ये तो उजवीकडून डावीकडे येताना दिसला, तर तो पाठलाग करत नसून तिला समोरून भेटायला येतोय असं वाटतं.

आणि भेटीच्या दृश्यात नेमकं हेच हवं असतं. ती डावीकडून उजवीकडे, तो उजवीकडून डावीकडे. एकमेकांना न पाहिलेली दोन माणसं अशी उलटसुलट दाखवली की प्रेक्षकाचं मन त्यांना आपोआप जवळ आणतं. प्रेमकथा आणि पाठलाग यांच्यातला फरक पडद्यावर पुष्कळदा एवढाच असतो. कॅमेरा जिन्याच्या कोणत्या बाजूला ठेवला, यावर ते ठरतं.

जिन्यात घोळ असा होतो की प्रत्येक वळणावर माणूस फिरतो आणि दिशा उलटते. त्यावर उपाय साधा आहे. वळणावर एक शॉट समोरून घ्या, ज्यात माणूस थेट कॅमेऱ्याकडे येतो. अशा शॉटला ना डावी ना उजवी. त्याच्यानंतर दिशा बदलली तरी डोळ्याला खटकत नाही. दुसरा उपाय म्हणजे वळण न कापता एकाच शॉटमध्ये दाखवणं. संवादाच्या वेळीही दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेघ धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. सेटवर ‘लूक’ तपासा म्हणतात ते यासाठीच. ती उजवीकडे बघत बोलत असेल, तर त्याने डावीकडे बघूनच उत्तर दिलं पाहिजे.

पहिला दिवस: प्रेमविनोदी दृश्य

साधारण १५ शॉट्स पुरतात. सर्वात आधी मास्टर शॉट घ्या, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असा, आणि त्यात संपूर्ण प्रसंग न थांबता करून घ्या. एकांकिका केलेल्या मुलांना हे सोपं जातं. त्यांचं पाठांतर पक्कं असतं, वेळ साधायची सवय असते. फक्त शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांना सोडायला लागते. समोर जिन्याचा कठडा आहे, बाराशे खुर्च्यांचं नाट्यगृह नाही, हे मी दर वेळी सांगते.

विनोद दोघांच्या फ्रेममध्ये राहतो. ती चिडून बोलतेय आणि त्याच फ्रेममध्ये तो तिची सॅक पाठीवर घेऊन स्वतःचीच सॅक शोधतोय, हे एकत्र दिसलं तर हसू येतं. वेगवेगळ्या क्लोजअपमध्ये कापलं तर ते संपतं. म्हणून मोह आवरा. क्लोजअप राखून ठेवा आणि तो खर्च करा फक्त एका क्षणी: ‘पंखेवाला तो हाच’ हे तिला कळतं तेव्हा. दृश्यभर लांबून पाहिलेला चेहरा एकदम जवळ आला की त्याला वजन येतं.

‘सजेशन’, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणारा शॉट, या प्रकारात फार उपयोगी पडतो, कारण खांदा दिसत असतो तोवर दोघं एकत्र असतात. भांडण टिपेला जातं तिथे खांदा काढून टाका, प्रत्येकाला फ्रेममध्ये एकटं पाडा. समेट होऊ लागला की खांदा परत आणा. प्रेक्षक हे मोजत बसत नाही, पण त्याला ते जाणवतं.

जिना इथे फुकट मिळालेला नट आहे. भांडताना जो वरचढ, तो वरच्या पायरीवर. तिने माफी मागायची वेळ आली की एक पायरी उतरू द्या. शेवटी दोघं एकाच पायरीवर आले पाहिजेत, आणि ती पायरी त्याआधी दृश्यात एकदाही वापरू नका.

तालमीत एक जास्तीचा प्रयोग करा. एकमेकांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी दुसऱ्याने बोलायला सुरुवात करायची. होवर्ड हॉक्ससारख्या दिग्दर्शकांनी १९४० च्या सुमारास हे तंत्र वेगवान विनोदी सिनेमांत पुरेपूर वापरलं. भांडणारी माणसं खरंच अशीच बोलतात. पण एक तांत्रिक सावधगिरी आहे. संवाद एकमेकांवर चढलेले घ्यायचे ते फक्त मास्टरमध्ये. क्लोजअप घेताना प्रत्येकाचं वाक्य मोकळं घ्या, नाहीतर संकलनात कात्री लावायला जागाच मिळत नाही. ते चढवायचं काम आम्ही नंतर करू शकतो, उतरवायचं नाही करता येत.

आपल्याकडे हा प्रकार किती कमी साधनांत उभा राहतो, त्याचं उदाहरण २०१० सालचा सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. दोन माणसं, एक शहर, एक दिवस. गाणी आणि ठिकाणं आहेत, पण आपण बसून राहतो ते त्या दोघांच्या बोलण्यातली अढी कधी सुटते ते बघायला.

दुसरा दिवस: मारधाड, आणि त्याआधी सुरक्षितता

इथे मला थांबून बोलायचंय. काही वर्षांपूर्वी एका गटाच्या चित्रीकरणाला मी हजर होते. मुलं उत्साही, वेळ कमी. ‘एकदाच खराखुरा धक्का देऊ, शॉट जिवंत वाटेल,’ असं ठरलं आणि मी अडवलं नाही. मुलगा मनगटावर पडला, हाड मोडलं. तो शॉट मी संकलनात पाहिला. तो जिवंत वाटत नव्हता, कारण पडणारा माणूस अभिनय करत नव्हता, फक्त पडत होता. तेव्हापासून माझे काही नियम पक्के आहेत.

जिन्यावर मारामारी करायची नाही. पायऱ्यांवर फक्त चालणं आणि सावकाश पळणं. झटापट फक्त सपाट जागेवर, म्हणजे मजल्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीच्या मध्यभागी, कठड्यापासून निदान तीन मीटर दूर. दृश्यातली ‘ओली’ पायरी प्रत्यक्षात कोरडी ठेवा. पाण्याचा क्लोजअप वेगळा घ्या, तेव्हा तिथे कोणी पळत नसतं.

मार खाणारा मालक असतो. तो तयार आहे असं डोळ्यांनी सांगतो, मगच मारणारा हात उचलतो. केस ओढायचे असतील तर ओढणाऱ्याने मूठ फक्त डोक्यावर ठेवायची आणि ज्याचे केस ओढले जातात त्याने ते मनगट धरून स्वतः हलायचं. गळा दाबायचा असेल तर हात गळ्यावर नाही, गळपट्टीच्या हाडांवर. ‘कट’ हा शब्द सेटवरच्या कोणीही, चहा देणाऱ्या मुलानेसुद्धा, म्हटला की सगळं तिथल्या तिथे थांबतं.

तालीम पाव वेगाने दहा वेळा, मग अर्ध्या वेगाने, मग पाऊण वेगाने. चित्रीकरणही पाऊण वेगानेच. पूर्ण वेग कधीच नाही, तो कॅमेरा आणि संकलन देतं. पडायचं असेल तर उभ्याने नाही. नट गुडघ्यावर बसून फ्रेमच्या बाहेर गादीवर कलंडतो, आणि पुढच्या शॉटमध्ये तो आधीच जमिनीवर असतो. उंचावरून उडी, काच, आग, चालतं वाहन यांतलं काही हवं असेल तर अनुभवी फाइट मास्टरशिवाय त्याचा विचारही करू नका. प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर सकाळीच तयार ठेवा.

ठोसा कसा लागतो

ठोसा लागतो तो कॅमेऱ्याच्या कोनामुळे. मूठ आणि चेहरा यांच्यात वीतभर अंतर असतं. कॅमेरा बाजूला ठेवलात तर ती वीत दिसते. मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवलात, तर मूठ चेहऱ्यावरून जाताना दिसते आणि मधली पोकळी लपते. उरलेलं काम मार खाणाऱ्याच्या मानेचं. मूठ चेहऱ्याच्या रेषेत आली की त्याच क्षणी मान वळली पाहिजे. आधीही नाही, नंतरही नाही. मी मुलांना सांगते, दहापैकी सात गुण मार खाणाऱ्याला.

संकलनात दोन शॉट जोडताना हाँगकाँगच्या मारधाडपटांतली एक युक्ती वापरा. पहिला शॉट मूठ लागेपर्यंत जाऊ द्या. दुसरा, जवळचा शॉट, मूठ लागायच्या दोन-तीन फ्रेम (म्हणजे व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) आधीपासून सुरू करा. म्हणजे आघात दोनदा दिसतो. डोळ्याला तो एकच वाटतो, पण जबर.

शॉट्सची यादी करताना प्रत्येक झटापटीला चार प्रश्न विचारा. कुठे आहेत? कोणाला काय हवंय? काय केलं? त्याने काय बदललं? नवखी मुलं तिसऱ्या प्रश्नाचे वीस शॉट घेतात आणि चौथ्याचा एकही नाही. सॅक तिच्या हाती आली की हुकली, तिचा घोटा दुखावला की नाही, पाचला किती मिनिटं उरली, हे बदल दिसले नाहीत तर कितीही हाणामारी असो, दृश्य जागचं हलत नाही. पाठलागात दर वळणावर अंतर बदललं पाहिजे. आधी एक मजला, मग अर्धा, मग हाताच्या अंतरावर. मग एकदम परत एक मजला, कारण तिने निळा पिंप वाटेत लोटला.

वेगवान कात्री हवी असेल तर एक पथ्य आहे. जॉर्ज मिलरच्या २०१५ सालच्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये दोन तासांत सुमारे २७०० शॉट्स आहेत, तरी डोळा दमत नाही. त्याचं एक मोठं कारण म्हणजे बघायची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मध्यावर ठेवली आहे. मार्गारेट सिक्सेल यांना त्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं. तुम्हीही मोबाइलच्या पडद्यावर रेघांची जाळी चालू करा आणि पळापळीत तिचा चेहरा किंवा सॅक मधल्या चौकोनात ठेवा. कॅमेरा मुद्दाम हलवू नका. हलणारी माणसं पुरेशी आहेत.

लेन्स, शटर, प्रकाश

लांबची लेन्स, म्हणजे मोबाइलवर दोनपट किंवा तीनपट, माणसांमधलं अंतर आटवते. जिन्याच्या दोन टोकांना उभे असलेले दोघं जवळ आल्यासारखे दिसतात. प्रेमविनोदी दृश्याला ते मानवतं. रुंद लेन्सने पायऱ्या लांबतात आणि कॅमेऱ्याकडे येणारा माणूस झपाट्याने मोठा होतो, म्हणून पाठलाग रुंद लेन्सवर.

सेकंदाला २४ फ्रेम ठेवा. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर किती वेळ प्रकाश पडतो ते, हाताने ठरवता येतं असं ॲप वापरा आणि पहिल्या दिवशी १/५० सेकंद ठेवा, हालचाल मऊ दिसते. मारधाडीला १/१०० करा, हालचाल जराशी तुटक आणि धारदार होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली हे दोन्ही आकडे बहुधा सुरक्षित. १/२०० वगैरे गेलात की जिन्यातली ट्यूब लुकलुकायला लागते आणि ती मागून दुरुस्त होत नाही.

प्रकाशासाठी पहिल्या दिवशी खिडकीसमोर पांढरा थर्माकोल धरून चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढा. दुसऱ्या दिवशी तोच थर्माकोल बाजूला ठेवा, एक बाजू काळवंडू द्या.

आवाज

दोन्ही दिवशी जागेवर माणसं गप्प बसवून निदान अर्धा मिनिट नुसता जिन्याचा आवाज घ्या. संवादांमधल्या फटी बुजवायला तोच लागतो. प्रेमविनोदी दृश्यात प्रत्येकाला स्वतंत्र कॉलर माइक द्या. मारधाडीत जागेवरचा आवाज फारसा कामाचा नसतो, तो घरी बनवायचा. जाड ओला टॉवेल घडी करून फरशीवर आपटला की ठोसा होतो, गाजर किंवा शेवग्याची शेंग कानाजवळ मोडली की हाड. चपलांचे आवाज मात्र त्याच जिन्यावर परत जाऊन घ्या, दुसरीकडे तसा घुमारा मिळत नाही. आणि पार्श्वसंगीत सर्वात शेवटी. संगीताशिवाय दृश्य चालत नसेल, तर अडचण संगीताची नाही.

संकलनाच्या टेबलावर

विनोदाच्या वाक्यावर बोलणाऱ्याचा चेहरा ठेवू नका, ऐकणाऱ्याचा ठेवा. हसू तिथे फुटतं. वाक्य संपल्यावर लगेच कापू नका. दहा-बारा फ्रेम थांबा, मग अजून चार थांबून बघा. ती चार फ्रेमची जागा प्रत्येक विनोदात वेगळी असते आणि ती सापडेपर्यंत मी एकेक जोड वीस वेळा बघते. मारधाडीत उलट. हालचाल सुरू झाली की त्या हालचालीतच कापा, पण मध्ये एकदा तरी पूर्ण शांतता ठेवा. दोघंही धापा टाकतायत, कठड्याच्या दोन बाजूंना, दोन-तीन सेकंद कोणीच हलत नाही. खाली कुठेतरी कुकरची शिट्टी वाजते.

शेवटचा शॉट दोन्ही सिनेमांत त्याच जागेवरून, त्याच लेन्सने घ्या: दुसऱ्या मजल्याचं वळण, तुळशीची कुंडी, कॅमेरा जमिनीलगत. पहिल्या सिनेमात कुंडीच्या दोन बाजूंनी दोन सॅक खाली टेकतात, एक हात किल्ली पुढे करतो आणि दुसरा हात ती लगेच घेत नाही. दुसऱ्यात ओल्या पायरीचा आवाज वरून ऐकू येतो, सॅक घसरत येऊन कुंडीला थडकते, एक हात ती उचलतो आणि पावलं खाली फाटकाकडे निघून जातात. कुंडी थोडा वेळ डुगडुगते. ती स्थिर झाली की कट.